गुरू झाल्यावरही शिष्याच राहिलेली

नाचायला आवडतं, पण ‘पुढे काय?’ या प्रश्नाला उत्तर सुचत नाही? मग कथक नृत्यांगना आणि नृत्यरचनाकार रोहिणी भाटे यांच्या साठ वर्षांकडे एकदा नीट बघा.

सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. कुणाचं नाटक असतं, कुणाच्या डान्स क्लासचा वार्षिक कार्यक्रम असतो, नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग. आत शिरताना नाव दिसतं आणि कार्यक्रम संपेपर्यंत आपण ते विसरूनही जातो. हे वसंतराव मूळचे मूर्तिजापूरकडचे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वीसहून अधिक वर्षं नोकरी केली आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले खाँसाहेब म्हणून महाराष्ट्रभर पोहोचले. त्यांच्याकडून हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांमध्ये एक नाचणारी मुलगीही होती, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. तिचं नाव रोहिणी भाटे.

आता तुम्ही म्हणाल, नाचणाऱ्या मुलीला गाणं कशाला शिकायचं? आजची गोष्ट या प्रश्नापासूनच सुरू होते.

पदवी झाली, आता काय?

रोहिणीताईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ चा, पाटण्याचा. शिक्षण मात्र पुण्यात झालं. फर्ग्युसन कॉलेजातून त्या १९४६ मध्ये पदवीधर झाल्या. आज तुमच्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला जी चर्चा सुरू होते, ती तेव्हाही होतीच. पर्याय मात्र फार कमी होते. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीने शिकावं इथपर्यंत ठीक होतं. तिने नाचावं, तेही पैसे देऊन तिकीट काढलेल्या लोकांसमोर, हे बऱ्याच घरांना पचणारं नव्हतं. ‘चांगल्या घरातल्या मुली नाचत नाहीत’ हे वाक्य तेव्हा कुजबुजून नाही, तोंडावर म्हटलं जायचं.

त्यात त्यांनी निवडलं कथक. सुरुवातीला त्या गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या होत्या. १९४६ मध्ये जयपूर घराण्याच्या पंडित सोहनलाल यांच्याकडे कथकचे धडे सुरू झाले. कथक ही उत्तरेची कला. तिची घराणी जयपूर, लखनौ, बनारसची. पुण्याला लावणी माहीत होती, संगीत नाटक माहीत होतं. कथकचा असा तयार प्रेक्षक तिथे नव्हता.

म्हणजे हिशेब बघा. कला दूरच्या प्रांतातली, शहरात तिची परंपरा नाही, समाजाचा सूर नाराजीचा आणि हातात नुकतीच मिळालेली पदवी. तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही काकांनी विचारलं असतं, “नाचून का पोट भरते का बे? पुढं काय करून राहिली?”

रोहिणीताईंनी पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, पुण्यात ‘नृत्यभारती’ ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली. तेव्हा त्या बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. तुमच्यातल्या कितीतरी जणींचं हेच वय आहे.

एकाच वेळी गुरू आणि शिष्या

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. क्लास निघाला, पाटी लागली, विद्यार्थिनी यायला लागल्या. अशा वेळी बहुतेक जण स्वतःचं शिकणं बंद करतात. वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटते. सकाळी ज्या मुलींना आपण ‘पाय चुकला, पुन्हा कर’ म्हणतो, त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या कुणासमोर उभं राहून आपलाही पाय चुकला हे ऐकायचं, हे सोपं नसतं.

रोहिणीताईंनी ते वर्षानुवर्षं केलं. लखनौ घराण्याच्या पंडित लच्छू महाराजांकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकल्या. लच्छू महाराज म्हणजे बिरजू महाराजांचे काका. ‘मुघल-ए-आझम’मधली नृत्यं ज्यांच्या हातून घडली, तेच हे. शिवाय पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे पंधरा वर्षं शिकणं झालं. मोहनरावांनी स्वतः जयपूर आणि लखनौ अशा दोन्ही घराण्यांची तालीम घेतलेली होती आणि लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात ते कथक शिकवत असत. गाण्यासाठी वसंतराव देशपांडे होते, तसेच केशवराव भोळेही होते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांचं संगीत त्यांचं.

गुरू बदलणं म्हणजे नवीन स्टेप्स शिकणं असं वाटत असेल तर जरा दमाने. जयपूर घराण्याचा भर पायाच्या कामावर, लयीच्या अवघड हिशेबांवर आणि जोरकस चकरांवर असतो. लखनौमध्ये नजाकत, डोळ्यांची भाषा, मनगटाचं वळण आणि भाव यांना महत्त्व असतं. एका पद्धतीत शरीर मुरल्यावर दुसरी पद्धत अंगात आणायची म्हणजे उभं राहण्यापासून सुरुवात. खांदा किती सैल, मान किती तिरकी, हात छातीपासून किती लांब, सगळं नव्याने. सुलेखन उत्तम असलेल्या माणसाला डाव्या हाताने लिहायला सांगावं, तसं काहीसं.

रोहिणीताईंच्या नृत्यात पुढे या दोन्ही घराण्यांचे गुण एकत्र दिसले, असं जाणकार सांगतात. ते आपोआप झालं नाही, त्यामागे ही वर्षं होती.

सोळा मात्रांचा हिशेब

आता तो गाण्याचा प्रश्न. कथक पाहताना आपल्याला चकरा दिसतात, घुंगरू ऐकू येतात. त्याच्याखाली काय चालू असतं ते एका उदाहरणाने बघू.

तीनताल सोळा मात्रांचा. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हा तत्कार आठ मात्रांचा, दोनदा केला की एक आवर्तन पूर्ण. हाच तत्कार दुगुन, चौगुन करत न्यायचा, आणि पेटी किंवा सारंगीवर वाजणारा लेहरा सोळा मात्रा मोजत राहतो. मग येते तिहाई, म्हणजे एक तुकडा तीन वेळा म्हणून नेमकं समेवर पोहोचायचं. समजा तुमचा तुकडा पाच मात्रांचा आहे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा रिकामी ठेवली. पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. समेवर सुरू केलंत तर सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, अर्थात सम. तबलजी तिथेच येतो, तुमचा पाय तिथेच पडतो आणि प्रेक्षकातून ‘वाह’ येते.

ही साधी तिहाई झाली. तुकडा साडेचार मात्रांचा असेल, किंवा ताल दहा मात्रांचा झपताल असेल, तर हिशेब बदलतो. नाचणाऱ्याच्या कानात सूर आणि डोक्यात ताल पक्का नसेल, तर त्याला आयुष्यभर दुसऱ्याने बसवून दिलेलंच नाचावं लागतं. आणि ज्याला स्वतः रचना करायची आहे, म्हणजे कोरिओग्राफर व्हायचंय, त्याचं तर पानही हलणार नाही. वसंतरावांकडचं, भोळ्यांकडचं गाणं रोहिणीताईंच्या इथे उपयोगी पडलं. हा ‘साइड सब्जेक्ट’ नव्हताच.

ऋतुसंहार, उषासूक्त आणि वाचणारी नर्तकी

कथक मुळात एकट्याचा नाच. कथा सांगणारा तो कथक, आणि कथा सांगणारा एकच असतो. अनेक जणांना घेऊन रचना करायची म्हटलं की प्रश्न उभे राहतात. आठ जणींनी एकच हालचाल केली तर ती कवायत वाटते. आठ जणींनी आठ गोष्टी केल्या तर गोंधळ. त्यातून विषय संस्कृत काव्याचा निघाला तर अडचण दुप्पट, कारण संस्कृत वृत्त लघु-गुरूच्या हिशेबाने चालतं आणि ताल मात्रांच्या. ओळ संपते तिथे सम येईलच असं नाही. ती कुठे थांबवायची, कुठला शब्द लांबवायचा, कुठे नुसता पाय बोलू द्यायचा, हे ठरवावं लागतं.

रोहिणीताईंनी कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’वर आणि ऋग्वेदातल्या उषासूक्तावर नृत्यरचना केल्या. रामटेकला जाऊन ‘मेघदूत’ आठवणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना कालिदास परका नाही. ‘ऋतुसंहारा’ची एक गंमत सांगतो. कालिदास सहा ऋतूंची सुरुवात वसंतापासून न करता ग्रीष्मापासून करतो. मे महिन्यात दुपारी बर्डीवर गाडी चालवणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला हा क्रम एकदम पटेल!

अशा रचना करायच्या तर वाचन लागतं. रोहिणीताईंनी आधुनिक नृत्याची पायाभरणी करणारी अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन हिचं आत्मचरित्र ‘मी इझाडोरा’ या नावाने मराठीत आणलं. पायातले बूट काढून अनवाणी नाचणाऱ्या आणि बॅलेचे नियम धुडकावणाऱ्या बाईबद्दल पुण्यातल्या एका कथक गुरूला एवढं कुतूहल वाटावं, यातच त्यांचा स्वभाव कळतो. दुसरीकडे ‘अभिनयदर्पण’ या जुन्या संस्कृत ग्रंथाचा कथकच्या अंगाने विचार करून त्यांनी ‘कथक दर्पण दीपिका’ लिहिलं. स्वतःच्या प्रवासावर ‘माझी नृत्यसाधना’ हे पुस्तकही आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात यातलं काही मिळतं का, ते एकदा विचारून बघा. रील पाहून स्टेप मिळते. ती स्टेप तशीच का आहे, हे अशा पुस्तकांतून कळतं.

तारखा जरा शेजारी-शेजारी मांडा

आता थोडं गणित करू. कथकची सुरुवात १९४६. संस्था १९४७. भारतीय सांस्कृतिक मंडळातून चीनचा दौरा १९५२. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७९. त्याच अकादमीची सर्वोच्च मानाची फेलोशिप २००६.

पहिला धडा आणि अकादमीचा पुरस्कार यांत तेहेतीस वर्षं आहेत. पहिला धडा आणि फेलोशिप यांत साठ. फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. १० ऑक्टोबर २००८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

या मधल्या वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. यूट्यूबवर मुलाखत येते, त्यात ‘संघर्ष’ दोन मिनिटांत संपतो आणि यशाला वीस मिनिटं मिळतात. पण मधली वर्षं म्हणजेच करिअर असतं. मधली वर्षं म्हणजे रोजचा तत्कार, क्लासची फी, पावसाळ्यात न आलेल्या विद्यार्थिनी, कार्यक्रमासाठी तबलजीची तारीख मिळवणं, सुजलेला घोटा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशीचा तत्कार.

शास्त्रीय नृत्याचंच असं असतं आणि बाकी ठिकाणी झटपट होतं, असंही नाही. ‘नटरंग’मधलं ‘अप्सरा आली’ तुम्ही गॅदरिंगमध्ये एकदा तरी नाचलाच असाल. त्याची नृत्यदिग्दर्शिका फुलवा खामकर. ती आधी जिम्नॅस्टिक्समधली खेळाडू. ‘बुगी वुगी’ ही टीव्हीवरची स्पर्धा ती १९९७ मध्ये जिंकली आणि ‘नटरंग’ आला २०१० मध्ये. रिअ‍ॅलिटी शोची ट्रॉफी आणि सगळ्यांच्या तोंडी झालेलं ते गाणं यांच्यात तब्बल तेरा वर्षं आहेत. बारावीपासून मोजलीत तर तेरा वर्षांनी तुम्ही कुठे असाल, विचार करून बघा.

आणि आपल्या गावात?

‘पुण्या-मुंबईत ठीक आहे, नागपुरात काय होणार?’ ही तक्रार आपण सगळेच करतो. ती अगदी खोटीही नाही. मोठे प्रयोग, मोठे गुरू, मोठे चित्रपट तिकडेच. पण १९४७ मध्ये कथकसाठी पुणं म्हणजे आजच्या नागपूरइतकंही नव्हतं. तिथे आज कथकचे वर्ग, कार्यक्रम, विद्यापीठातलं शिक्षण हे सगळं दिसतं, कारण काही माणसांनी तिथेच राहून ते उभं केलं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रोहिणीताई गुरू म्हणून शिकवत होत्या. त्यांच्या शिष्यांपैकी शमा भाटे, शरदिनी गोळे, ऋजुता सोमण यांनी पुढे स्वतःच्या विद्यार्थिनी तयार केल्या. शहरात परंपरा नसते तेव्हा कुणालातरी पहिला वर्ग घ्यावा लागतो.

आपल्या बाजूचा एक धागाही यात आहे. छत्तीसगडमधलं खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ मध्ये राजवाड्यात सुरू झालं. नागपूरहून हावडा लाइनच्या गाडीने डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरलं की ते जवळच. तिथल्या कथकच्या पदवी अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्या समितीत रोहिणीताई होत्या. म्हणजे तुमच्या डान्स क्लासमधली एखादी ताई खैरागडची पदवी घेऊन आली असेल, तर या गोष्टीचं एक टोक तुमच्यापर्यंत आधीच पोहोचलेलं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे मुलं-मुली लहानपणी क्लासला जातात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात आणि अकरावीला घुंगरू कपाटात जातात. कारण जेईई, नीट, सीईटी. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. आईबाबांची काळजी खरी असते. पण नाच सोडणं आणि नाच कमी करणं यांत फरक आहे. वसंतरावांनी नोकरी सांभाळून गाणं ठेवलं, वीस वर्षांहून जास्त. तुम्ही इंजिनीअरिंग करताना आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास तत्कार ठेवू शकता. चार वर्षांनंतर ठरवायची वेळ येईल तेव्हा निदान ठरवण्यासारखं काहीतरी पायात शिल्लक असेल.

आणि ज्यांना पूर्णवेळ याच वाटेने जायचंय, त्यांनी रोहिणीताईंची एक गोष्ट उचलावी. शिकवायला लागा, जरूर लागा, पैसा तिथूनच येईल. पण शिकवायला लागलात म्हणून आपला गुरू सोडू नका. वीस-बावीसाव्या वर्षी क्लास काढणं आज फार कठीण राहिलेलं नाही, इन्स्टावर पेज उघडलं की झालं. त्यानंतरही बारा-पंधरा वर्षं कुणासमोर तरी ‘पुन्हा कर’ ऐकून घेण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या काकांना पुढच्या वेळी काय करून राहिली ते बिनधास्त सांगा.

नृत्यातच पुढे जायचंय? एवढं माहीत असू द्या

• परीक्षा : अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, त्यापुढे अलंकार. कितव्या पायरीवर सोडलं होतं ते आठवा, तिथून पुन्हा सुरू करता येतं.

• पदवी : खैरागडचं विश्वविद्यालय, पुण्याचं ललित कला केंद्र, दिल्लीचं कथक केंद्र ही नावं ध्यानात ठेवा. प्रवेशासाठी प्रात्यक्षिक द्यावं लागतं, त्यामुळे तयारी किमान वर्षभर आधी हवी.

• शिष्यवृत्ती : १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते. अर्ज करताना त्या वर्षीचे नियम आणि रक्कम नीट वाचा.

• आपल्या शहरात : दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला आहे. त्यांचे लोककला आणि शास्त्रीय नृत्याचे कार्यक्रम बघायला जात जा. बघणं हाही रियाजच.

• शिकवणं : प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट परीक्षेत नृत्य-नाट्य हा विषय आहे. पदव्युत्तर शिक्षण मात्र पूर्ण करावं लागतं.

• शरीर : सिमेंटच्या किंवा टाइल्सच्या जमिनीवर तासन् तास पाय आपटू नका. गुडघे आणि नडगी दुखायला लागली तर ‘सवय होईल’ म्हणून ओढत नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. साठ वर्षं नाचायचं असेल तर पाय जपावेच लागतात.